जुना अल्बम नव्याने येतो तेव्हा : ‘जुडास प्रीस्ट’च्या पुनर्प्रकाशनांमागचे तंत्र आणि हक्क

सप्टेंबर १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या ‘जुडास प्रीस्ट’ या हेवी मेटल बँडचा ‘रॉका रोला’ हा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला आणि पन्नास वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, तो पुन्हा बाजारात आला. मधल्या काळात तो मिळत नव्हता असे नाही. वेगवेगळ्या कंपन्यांनी तो अनेकदा विकला, एकदा तर मुखपृष्ठही पूर्णपणे बदलून विकला. तरीही २०२४ ची आवृत्ती आधीच्या सगळ्या आवृत्त्यांहून वेगळी आहे. हा वेगळेपणा नेमका कशात आहे हे समजले, की ‘रीइश्यू’, ‘रीमास्टर’, ‘रीमिक्स’, ‘डिलक्स एडिशन’ अशा शिक्क्यांनिशी विकल्या जाणाऱ्या जुन्या संगीताचा सगळाच व्यवहार उलगडू लागतो. हे शब्द जाहिरातीत एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, परंतु त्यांचे अर्थ अगदी भिन्न आहेत आणि त्यांतला फरक थेट कानाला ऐकू येतो.

त्यासाठी ध्वनिमुद्रण कसे घडते हे आधी पाहायला हवे. १९७० च्या दशकात स्टुडिओमध्ये प्रत्येक वाद्याचा आणि गायकाचा आवाज दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर, सोळा किंवा चोवीस समांतर ट्रॅकवर, स्वतंत्रपणे नोंदवला जात असे. ड्रमसाठी काही ट्रॅक, बासगिटारसाठी एखादा, दोन गिटारींसाठी आणखी काही, आणि गायकासाठी वेगळे. हे सगळे आवाज नंतर एकत्र करायचे असतात. कोणता पुढे ठेवायचा, कोणता मागे, कोणता डाव्या बाजूला आणि कोणता उजव्या, कोणाला किती घुमारा द्यायचा, हे ठरवण्याच्या कामाला मिक्सिंग म्हणतात. त्यातून डावा आणि उजवा अशा दोनच ट्रॅकची एक फीत तयार होते, तीच मूळ स्टिरिओ मास्टर. या फितीवर आल्यानंतर गिटार आणि बास पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. शेवटी या मास्टरवरून तबकडी कापण्यासाठी किंवा सीडी बनवण्यासाठी आवाजाची एकूण पातळी, खर्ज आणि तार स्वरांचा तोल व दोन गाण्यांमधले अंतर ठरवले जाते. हे काम म्हणजे मास्टरिंग.

आता शिक्क्यांचे अर्थ सोपे होतात. नुसते पुनर्प्रकाशन म्हणजे आधीचेच मास्टर वापरून पुन्हा प्रती काढणे. रीमास्टर म्हणजे त्याच दोन ट्रॅकच्या फितीपाशी परत जाऊन शेवटची पायरी नव्याने करणे. यात संपूर्ण आवाज उजळ किंवा जड करता येतो, पण मागे पडलेला एखादा ड्रम वेगळा उचलून पुढे आणता येत नाही. रीमिक्स म्हणजे त्याहूनही मागे, बहुट्रॅक फितीपाशी जाऊन वाद्यांची मांडणीच पुन्हा करणे. म्हणजे वादन तेच राहते, परंतु त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी नवी असते. चित्रपटसंगीतात ‘रीमिक्स’ म्हटल्यावर नव्या ठेक्यावर बसवलेले जुने गाणे डोळ्यांसमोर येते. तो अर्थ येथे अजिबात अभिप्रेत नाही.

तंत्र असे असले, तरी एखादी कंपनी यांपैकी काय करू शकते हे मुळात फिती कोणाच्या ताब्यात आहेत आणि हक्क कोणाकडे आहेत यावर ठरते. जुडास प्रीस्टची कहाणी या बाबतीत डोळे उघडणारी आहे. बर्मिंगहॅमच्या औद्योगिक परिसरातल्या या तरुणांशी ‘गल रेकॉर्ड्स’ नावाच्या छोट्या कंपनीने करार केला आणि ‘रॉका रोला’ व त्यानंतर १९७६ मध्ये ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’ असे दोन अल्बम काढले. दुसरा अल्बम आज हेवी मेटलच्या इतिहासातला एक मैलाचा दगड मानला जातो, परंतु तो तयार होत असताना बँडची आर्थिक अवस्था फार बिकट होती. गिटारवादक ग्लेन टिप्टन माळीकाम करत होते आणि दुसरे गिटारवादक के. के. डाउनिंग कारखान्यात काम करत होते. अखेर बँडने गलची साथ सोडली आणि १९७७ मध्ये ‘सिन आफ्टर सिन’पासून तो सीबीएस या बलाढ्य कंपनीकडे गेला. या सुटकेची किंमत म्हणून पहिल्या दोन अल्बमांचे हक्क गलकडेच राहिले.

त्याचा परिणाम पुढची अनेक दशके दिसत राहिला. बँड जसजसा मोठा होत गेला, तसतशी जुन्या ध्वनिमुद्रणांची किंमत वाढत गेली, आणि ती वाढलेली किंमत वसूल करण्याचा अधिकार मात्र बँडकडे नव्हता. गलने १९७८ मध्ये ‘द बेस्ट ऑफ जुडास प्रीस्ट’ आणि १९८१ मध्ये ‘हीरो, हीरो’ असे संग्रह काढले. ‘बेस्ट ऑफ’ हे नाव वाचून ग्राहकाला बँडच्या साऱ्या कारकिर्दीतली निवड मिळेल असे वाटणे साहजिक होते. प्रत्यक्षात त्यात गलच्या काळातल्या ध्वनिमुद्रणांपलीकडे काहीच असणे शक्य नव्हते. शिवाय बँडचे ते पहिले दोन अल्बम इतर कंपन्यांना परवान्यावर देता येत असल्यामुळे त्यांच्या सीडी व तबकड्या निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या दर्जाने निघत राहिल्या, आणि अशा प्रत्येक आवृत्तीत मूळ फीत वापरली आहे की कुठल्यातरी प्रतीची प्रत, हे खरेदीदाराला कळण्याचा मार्ग नव्हता. मला या व्यवहारातली सर्वांत खेदाची बाब हीच वाटते. कलावंताचे नाव मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत असते आणि त्या वस्तूच्या दर्जाविषयी त्याला विचारणारे कोणी नसते.

सीबीएसकडची ध्वनिमुद्रणे मात्र एकत्र राहिली. सीबीएस रेकॉर्ड्स ही कंपनी १९८८ मध्ये जपानच्या सोनीने विकत घेतली आणि तिच्याबरोबर बँडचे त्या काळचे अल्बमही सोनीकडे गेले. २००१ आणि २००२ या दोन वर्षांत सोनीने ‘सिन आफ्टर सिन’पासून १९९० च्या ‘पेनकिलर’पर्यंतचे बारा अल्बम ‘द री-मास्टर्स’ या मालिकेत पुन्हा प्रसिद्ध केले. आज अनेक श्रोत्यांच्या संग्रहात असलेल्या सीडी याच मालिकेतल्या आहेत, त्यामुळे तिच्याकडे जरा बारकाईने पाहायला हवे.

पहिली गोष्ट आवाजाच्या पातळीची. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सीडी अधिकाधिक मोठ्या आवाजात काढण्याची स्पर्धा सुरू झाली होती, कारण दोन गाणी लागोपाठ ऐकवली तर अधिक मोठ्याने वाजणारे गाणे श्रोत्याला क्षणभर अधिक चांगले वाटते. परंतु सीडीवर आवाजाला एक कमाल मर्यादा असते आणि ती ओलांडता येत नाही. म्हणून सर्वांत उंच उसळ्या, म्हणजे मुख्यतः ड्रमचे आघात, कम्प्रेसर आणि लिमिटर या साधनांनी दाबले जातात आणि मग सगळाच आवाज वर ढकलला जातो. परिणामी हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर कमी होते. पहिल्या अंकापासून पडदा पडेपर्यंत नट सतत ओरडूनच बोलत राहिला, तर ज्या वाक्याला खरोखर ओरडायचे त्या वाक्याचे बळ उरत नाही. तसेच येथे घडते. १९७८ च्या ‘स्टेन्ड क्लास’मधले ‘बियाँड द रेल्म्स ऑफ डेथ’ हे गाणे शांत, जवळजवळ कुजबुजल्यासारख्या भागातून एकदम गिटारींच्या भिंतीवर आदळते, आणि त्या दोहोंमधले अंतर हाच त्या गाण्याचा प्राण आहे. असे अंतर कमी करणारे कोणतेही रीमास्टर माझ्या मते रचनेलाच हात घालते.

न्याय म्हणून हेही सांगायला हवे, की १९८० च्या दशकातल्या अगदी सुरुवातीच्या सीडी सगळ्याच चांगल्या नव्हत्या. काही वेळा तबकडी कापण्यासाठी खास बदल करून ठेवलेल्या फितीच सीडीसाठी वापरल्या गेल्या आणि त्या सीडी किरट्या, पातळ वाजल्या. अशा ठिकाणी नवे रीमास्टर उपकारकच ठरते. म्हणून ‘रीमास्टर म्हणजे वाईट’ हेही खरे नाही आणि ‘रीमास्टर म्हणजे सुधारणा’ हेही खरे नाही.

दुसरी गोष्ट जादा गाण्यांची, आणि ती मला आवाजाइतकीच महत्त्वाची वाटते. ‘री-मास्टर्स’ मालिकेत प्रत्येक अल्बमच्या शेवटी आधी अप्रकाशित असलेली किंवा मैफिलीत मुद्रित झालेली गाणी जोडली आहेत. १९८० च्या ‘ब्रिटिश स्टील’च्या शेवटी ‘रेड, व्हाइट अँड ब्लू’ हे गाणे येते आणि ऐकणाऱ्याचा समज होतो, की हे त्याच सत्रातले, जागा न मिळालेले गाणे असावे. वास्तविक ते १९८५ चे आहे. त्या वर्षी बँडने ‘ट्विन टर्बोज’ नावाच्या जोडअल्बमची तयारी केली होती. तो बेत बदलून १९८६ मध्ये ‘टर्बो’ हा एकेरी अल्बम निघाला आणि बरीच गाणी शिल्लक राहिली. त्यांतलेच एक गाणे ‘ब्रिटिश स्टील’ला, एक १९८२ च्या ‘स्क्रीमिंग फॉर व्हेंजन्स’ला आणि एक १९८४ च्या ‘डिफेंडर्स ऑफ द फेथ’ला जोडले गेले. १९८१ च्या ‘पॉइंट ऑफ एन्ट्री’वरचे ‘थंडर रोड’ तर त्याहूनही नंतरचे, १९८८ च्या ‘रॅम इट डाउन’च्या काळातले आहे.

यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण ती गाणी उपलब्ध झाली ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ‘ब्रिटिश स्टील’ हा अल्बम एका विशिष्ट घरात, एका विशिष्ट महिन्यात, एका विशिष्ट शिस्तीने घडला. लंडनबाहेरच्या टिटनहर्स्ट पार्क या, पूर्वी जॉन लेनन यांच्या आणि नंतर रिंगो स्टार यांच्या मालकीच्या वास्तूत हे ध्वनिमुद्रण झाले. यांत्रिक आवाज काढणारी उपकरणे हाताशी नसल्यामुळे बँडने काटे-चमच्यांचे ट्रे आपटून आणि दुधाच्या बाटल्या फोडून परिणाम साधले. ‘स्टीलर’ या शेवटच्या गाण्याचा वेग थांबतो तेथे तो अल्बम संपतो, संपायलाच हवा. त्यानंतर लगेच पाच वर्षांनंतरचे, वेगळ्याच मनःस्थितीतले संथ गाणे सुरू होणे म्हणजे अल्बमच्या बांधणीला धक्का आहे. याउलट १९७९ च्या ‘अनलीश्ड इन द ईस्ट’ या जपानमधल्या मैफिलींच्या अल्बमला जोडलेली चार गाणी त्याच दौऱ्यातली असून तेव्हा जपानी आवृत्तीबरोबर दिली गेली होती. ती परत आणल्याने तो अल्बम खऱ्या अर्थाने पुरा झाला. जादा गाणे कोणत्या काळाचे आहे, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

एक अडचण अशीही आहे, की ‘मूळ’ अल्बम म्हणजे नेमका कोणता, हे अनेकदा निर्विवाद नसते. ‘ब्रिटिश स्टील’ची ब्रिटनमधली आवृत्ती ‘रॅपिड फायर’ने सुरू होते आणि अमेरिकेतली मूळ आवृत्ती ‘ब्रेकिंग द लॉ’ने. १९७८ चा ‘किलिंग मशीन’ अमेरिकेत ‘हेल बेंट फॉर लेदर’ या नावाने आणि एका वाढीव गाण्यासह निघाला. पुनर्प्रकाशन करणाऱ्याला यांतली एक निवड करावीच लागते.

मालिकेनंतर आल्या त्या वर्धापनदिनाच्या आवृत्त्या. ‘ब्रिटिश स्टील’ची २०१० मध्ये, ‘स्क्रीमिंग फॉर व्हेंजन्स’ची २०१२ मध्ये, ‘डिफेंडर्स ऑफ द फेथ’ची २०१५ मध्ये आणि ‘टर्बो’ची २०१७ मध्ये. यांचे खरे मोल मला जोडलेल्या मैफिलींत दिसते. ‘डिफेंडर्स’बरोबर १९८४ ची लाँग बीचची आणि ‘टर्बो’बरोबर १९८६ ची कॅन्सस सिटीची मैफल मिळते, म्हणजे ज्या काळात तो अल्बम ताजा होता त्याच काळात तो रंगमंचावर कसा वाजत होता याचा पुरावा हाती येतो. कागदी खोके आणि छायाचित्रे यांपेक्षा हा ऐवज मोठा आहे. याउलट २०१२ च्या ‘कम्प्लीट अल्बम्स कलेक्शन’ या संचाचे नाव ‘संपूर्ण’ असले, तरी बँडचे मुख्य गायक रॉब हॅलफर्ड यांच्या अनुपस्थितीत टिम ‘रिपर’ ओवेन्स यांनी गायलेले १९९७ आणि २००१ चे दोन स्टुडिओ अल्बम त्यात नाहीत. हक्क ज्यांच्याकडे असतात, इतिहासाची सीमारेषाही तेच आखतात.

आता पुन्हा ‘रॉका रोला’कडे. या अल्बमच्या आवाजावर बँड पहिल्यापासून नाखूश होता. निर्माते रॉजर बेन यांनी ‘ब्लॅक सॅबथ’ या हेवी मेटल बँडचे सुरुवातीचे अल्बम घडवले होते, त्यामुळे त्यांच्याकडून अपेक्षा मोठ्या होत्या, प्रत्यक्षात ध्वनिमुद्रणात तांत्रिक दोष राहिले, फितीची सरसर ऐकू येत राहिली, आणि गाण्यांच्या निवडीत बँडचे फारसे चालले नाही. ‘टायरंट’सारखे दमदार गाणे तेव्हा बाजूला ठेवले गेले आणि ते पुढच्या अल्बमवर आले. ‘कॅव्हिअर अँड मेथ्स’ ही प्रदीर्घ रचना तर जेमतेम दोन मिनिटांच्या वाद्यतुकड्यावर आणून ठेवली गेली.

२०२४ मध्ये ‘रीच म्युझिक’ या कंपनीच्या साहाय्याने हा अल्बम निघाला तेव्हा त्याचे नुसते रीमास्टर न करता संपूर्ण रीमिक्स केले गेले, आणि ते काम टॉम ॲलम यांनी केले. ही निवड फार विचारपूर्वक झाली आहे. ॲलम हे ‘ब्लॅक सॅबथ’च्या त्या सुरुवातीच्या अल्बमांवर बेन यांच्याबरोबर ध्वनिमुद्रक होते आणि पुढे ‘अनलीश्ड इन द ईस्ट’पासून ‘रॅम इट डाउन’पर्यंत त्यांनी जुडास प्रीस्टच्या अल्बमांची निर्मिती केली. म्हणजे १९७४ चे स्टुडिओ कसे वाजत असत हेही त्यांना ठाऊक आहे आणि हा बँड कसा वाजायला हवा हेही. नव्या मिश्रणात इयन हिल यांची बासगिटार आणि जॉन हिंच यांचे ड्रम जुन्या धुक्यातून बाहेर येतात, आणि बँड किती बांधीव वाजत होता हे कळते. हिंच यांचे २०२१ मध्ये निधन झाले. आपले वादन असे स्वच्छ ऐकणे त्यांच्या वाट्याला आले नाही, याची हळहळ वाटते.

रीमिक्सचा हा गौरव करताना एक अट मात्र मी आग्रहाने घालीन : जुने मिश्रणही उपलब्ध राहिले पाहिजे. बँडला ते आवडत नसले, तरी १९७४ मध्ये लोकांनी ऐकले ते तेच होते, आणि त्या अर्थाने तो एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे. बहुट्रॅक फिती हाती असणाऱ्याला कुठवर मजल मारता येते याचे उदाहरण बर्मिंगहॅमचेच गायक ऑझी ऑझबर्न यांच्या अल्बमांत सापडते. ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आणि ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ यांच्या २००२ च्या आवृत्त्यांमध्ये बॉब डेझली यांची बासगिटार आणि ली कर्सलेक यांचे ड्रम काढून टाकून तेथे दुसऱ्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतलेले भाग बसवण्यात आले. या दोघांचा मानधनावरून ऑझबर्न पक्षाशी न्यायालयीन वाद चालू होता. मुखपृष्ठ तेच, गाणी तीच आणि वादन मात्र दुसऱ्यांचे, ही गोष्ट चाहत्यांनी कधीच स्वीकारली नाही, आणि २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आणले गेले. हे रीमिक्सही नव्हते आणि रीमास्टर तर नव्हतेच.

अशा कामांना घाई का आहे, याचे उत्तर फितींच्या रसायनात आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून बनलेल्या अनेक फितींमध्ये चुंबकीय कण धरून ठेवणारे द्रव्य हवेतील दमटपणा शोषून घेते आणि चिकट होते; अशी फीत यंत्रावर चढवली तर थर खरवडून निघतो आणि आवाज कायमचा जातो. उपाय म्हणून ती सुमारे पन्नास ते पंचावन्न अंश सेल्सियस तापमानात काही तास कोरडी केली जाते. त्यानंतर ती थोडा काळच धड चालते, आणि त्या मुदतीत तिची डिजिटल प्रत करून घ्यावी लागते.

कायद्याचाही एक कालदर्शक आहे. ब्रिटनमध्ये प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क पूर्वी पन्नास वर्षे टिकत असे आणि २०१३ मध्ये तो सत्तर वर्षांवर नेला गेला. जुना नियम कायम असता तर ‘रॉका रोला’चे ध्वनिमुद्रण २०२४ च्या अखेरीस खुले झाले असते, आता ते २०४४ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहे. या वाढीबरोबर एक चांगली तरतूदही आली : पन्नास वर्षांनंतर कंपनी ते ध्वनिमुद्रण पुरेशा प्रमाणात विक्रीला किंवा ऑनलाइन ठेवत नसेल, तर कलावंत एक वर्षाची नोटीस देऊन आपला हक्क परत घेऊ शकतो. भारतात ध्वनिमुद्रणाची मुदत साठ वर्षे आहे. गाण्याच्या शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क यापासून वेगळा असतो आणि तो रचनाकाराच्या आयुष्यावरून मोजला जातो, त्यामुळे ध्वनिमुद्रण खुले झाले तरी रचना खुली होत नाही.

विकत घेताना म्हणूनच वेष्टनाची मागची बाजू आधी वाचावी. वर्तुळातल्या ‘पी’ या अक्षरापुढे ध्वनिमुद्रणाच्या प्रथम प्रकाशनाचे वर्ष आणि हक्कधारकाचे नाव असते, आणि नव्या रीमास्टरचे वर्ष बहुधा वेगळे दिलेले असते. ‘मूळ ॲनालॉग फितींवरून’ असे स्पष्ट लिहिले असेल आणि काम करणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव दिले असेल, तर ती आवृत्ती जबाबदारीने काढली असण्याची शक्यता जास्त. तबकडी १८० ग्रॅम वजनाची आहे एवढ्यावरून आवाजाचा दर्जा ठरत नाही. ती कोणत्या मास्टरवरून कापली आहे यावरून ठरतो, आणि सीडीसाठी दाबून काढलेले मास्टरच तबकडीवर उतरवले असेल तर जाड तबकडीचे पैसे वाया जातात. ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी परिस्थिती थोडी निराळी आहे. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी एका ठरावीक पातळीवर आणून वाजवतात, त्यामुळे मोठ्या आवाजाच्या मास्टरला तेथे फायदा मिळत नाही; त्याचा दबलेपणा तेवढा शिल्लक राहतो. मात्र या सेवांवर बहुतेकदा सर्वांत नवी आवृत्तीच ठेवली जाते आणि ती कोणती आहे याची माहिती अपुरी असते. ‘ब्रिटिश स्टील’ तेथे ऐकायचा असेल, तर ‘स्टीलर’ संपल्यावर पुढचे गाणे सुरू होण्यापूर्वी थांबावे.